रांगेबाहेरचा पाम

नोव्हेंबर लागला की आमच्या तळमजल्यावरचे आजोबा आपला पाम गुंडाळायला घेतात. अंगणात सायकलींच्या शेडजवळ एका मोठ्या कुंडीत तो उभा असतो. आधी त्याची पानं दोरीने वर आवळायची, मग पांढऱ्या कापडाचे वेढे, मग कुंडीभोवती गवताचा जाड थर आणि त्यावर प्लास्टिक. अर्धा दिवस चालतं. आजोबा शिस्तीचे, त्यामुळे दोरीची गाठसुद्धा दरवर्षी त्याच उंचीवर बसते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघतो आणि पुढचा आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नसतं. बायको म्हणते, खिडकीत उभा राहू नकोस. पण चहा तिथेच करावा लागतो, काय करणार.

फ्रँकफर्टचा नोव्हेंबर हा मुळात माणसाला बरं वाटावं म्हणून केलेलाच नाही. घड्याळं तासभर मागे गेलेली असतात, साडेचार-पाचला अंधार पडतो, आणि दिवसा जो काही उजेड असतो तोही ताकाच्या निवळीसारखा. घर तापवणारं हायत्सुंग सुरू झालं की पाइपांत टकटक होते आणि खोलीत ओल्या लोकरीचा वास भरतो. नेमक्या याच दिवसांत यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनांवर प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती लागतात. निळं पाणी, पांढरी वाळू आणि पाण्याकडे झुकलेलं एक झाड. मी त्या जाहिरातीकडे पाठ करून उभा राहतो. ऑफिसातल्या एकाने एकदा विचारलं, तू गाडी येते त्या बाजूला कधी बघत का नाहीस? मी म्हटलं, मान दुखते. तो म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, हवाच तशी आहे.

जाहिरातीतलं झाड माडाचं असतं. बाबा असते तर तिथेच थांबून त्यांनी सांगितलं असतं, की हा माडसुद्धा मूळचा तिथला नव्हे, त्याला माणसांनीच तिकडे नेलं. बाबांना बोलायला झाडाचं निमित्त पुरायचं. आता ते नाहीत. ते नसल्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त मला स्वतःचा राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

ज्या हिवाळ्याबद्दल मी बोलतोय, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात जर्मनीने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला होता. समोरच्या बाल्कनीतला झेंडा नोव्हेंबरपर्यंत कुणी काढला नव्हता आणि पावसाने त्याचे तिन्ही रंग एकसारखे काळपट झाले होते. त्या सुमारास बाबा आले, तीन महिन्यांसाठी. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना बोलवायचं म्हणून मी परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन हमीपत्र केलं होतं. त्या कागदाचं जर्मन नाव म्हणता म्हणता माणूस दमतो, इतकं लांब. मजकूर मात्र साधा असतो: या पाहुण्याची इथली सगळी जबाबदारी माझी. मी खाली सही ठोकली आणि ऑफिसला गेलो.

बाबा दापोलीला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. ताडामाडांच्या कुळातली झाडं हा त्यांचा जन्माचा नाद. माड त्यांच्या लेखी घरचा माणूस. पोफळ ही शेजारीण, जरा नखरेल. भेरली माड म्हणजे रानात राहणारा, लग्नकार्यालाही न येणारा काका. आणि कॉलेजच्या फाटकापासून ऑफिसपर्यंत दोन्ही बाजूंनी उभे असलेले रॉयल पाम? ते कैदी. नव्या वर्गाचा पहिला तास बाबा खोलीत घ्यायचेच नाहीत, त्या रांगेत घ्यायचे. राखाडी, गुळगुळीत, सिमेंट ओतल्यासारखी खोडं. सगळ्यांची उंची एक, अंतर एक. बाबा एका खोडावर हात ठेवून सांगायचे, की हा वेस्ट इंडीजच्या बेटांवरचा. राजवाडा असो, कचेरी असो, कॉलेज असो, जिथे म्हणून कुणाला रुबाब दाखवायचा असतो तिथे याला आणून रांगेत उभं करतात. हा आपल्या घरी कसा उभा राहतो, ते मी पाहिलेलं नाही.

आईची सकाळची शाळा असायची, घरात मला ठेवायला कुणी नाही, म्हणून लहानपणी मी त्या तासाला मागे बसलेला असायचो. दरवर्षी तेच वाक्य, आणि ते म्हणताना दरवर्षी बाबा वर बघायचे. मुलं खाली बघत असायची. गळून पडलेल्या झावळीच्या रुंद विरीवर, म्हणजे देठाच्या पसरट खोळीवर, एकाला बसवून बाकीच्यांनी ओढायचं, याची त्यांना घाई झालेली असायची. मलाही.

बाबांना आयफेल टॉवर नको होता. स्विसचा बर्फ नको होता. त्यांना एक रॉयल पाम रानात उभा असलेला बघायचा होता, आणि त्यासाठी वेळ थोडा होता. डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता, उजवा चालला होता. काचबिंदूत मधलं दिसत राहतं, कडेचं जातं. ते म्हणायचे, बांगडीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि बांगडी दर महिन्याला लहान होते आहे. डॉक्टरांनी वर्ष, फार तर दीड वर्ष सांगितलं होतं. हे त्यांनी मला आल्याच्या दुसऱ्या दिवशी, शेंगा सोलता सोलता सांगितलं, आणि पुढची शेंग उचलली.

इथल्या मराठी घरांत एक कुळाचार आहे. आई-बाबा आले की पहिल्या आठवड्यात झोप पुरी करायची, दुसऱ्यात ऱ्हाइनची बोट, मग पॅरिस, मग स्वित्झर्लंड. एका शेंगेन व्हिसावर पंचवीसेक देश, मधे कुठे पासपोर्टला हातही लावायचा नाही. गणपतीत भेटले की लोक आपापल्या आई-बाबांचे देश मोजून दाखवतात. मला त्याहून वेगळं काहीतरी करून दाखवायचं होतं, ही माझी खोड. मी शोधून काढलं की कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप नावाचं बेट आहे, तिथल्या डोंगरदऱ्यांत रॉयल पाम आपला आपण उगवतो, आणि ते बेट फ्रान्सचं आहे. फ्रान्सच्या ओळखीचं वगैरे नव्हे, फ्रान्सच. तोच युरो, तीच पोस्टाची पिवळी पेटी, पॅरिसच्या संसदेच्या निवडणुकीत तिथल्या लोकांची मतं. म्हणजे व्हिसा होताच. नाताळच्या सुट्टीत जायचं, असं मी जाहीर केलं.  बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, व्हिसाचं नीट बघितलंस ना? मी म्हटलं, बाबा, मी दिवसभर दुसरं काय करतो?

खोटं नव्हतं ते. बँकेची सॉफ्टवेअरं तपासणं हे माझं काम. कुठली अट कुठे दडून बसली आहे, कुठला अपवाद लिहिणाऱ्याच्याही लक्षात आला नाही, हे शोधायचे मला पैसे मिळतात. मुलीच्या शाळेचा फॉर्मसुद्धा मी तीनदा वाचतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण ते सहा आठवडे, अजून सांगतो, आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. रानातली चढण झेपावी म्हणून बाबा रोज सकाळी आमच्या ट्रेपनहाउसमधले, म्हणजे जिन्याचे, चार मजले तीनदा चढायचे-उतरायचे, कठडा धरून, नवे बूट घालून. शेजाऱ्यांना वाटायचं, या म्हाताऱ्याला घरात कुणी घेत नाही की काय. तळमजल्यावरच्या आजोबांचा गुंडाळलेला पाम त्यांनी पाहिला तेव्हा मला वाटलं, आता यावर काहीतरी बोलणार. ते कापडावरून हात फिरवून एवढंच म्हणाले, सांभाळतात बिचारे.

माझी मुलगी ईरा तेव्हा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. बाबांना जर्मनचा गंध नाही. तरी दोघांचं तासन् तास चालायचं, ते मराठीत सांगतायत आणि ती जर्मनमध्ये विचारतेय. माझी बायको अश्विनी म्हणायची, अहो बाबा, ती काय विचारते ते कळतं तरी का तुम्हाला? बाबा म्हणायचे, मुलं सगळ्या भाषांत एकच विचारतात, का. रानातलं झाड कसं ओळखायचं, हे त्यांनी तिला शिकवून ठेवलं होतं. त्याला रांग नसते. त्याच्या पायाशी कुणी झाडून घेतलेलं नसतं. आजूबाजूला त्याची पिल्लं असतात, लहानमोठी, वेगवेगळ्या वयांची. आणि उजेडासाठी ते शेजाऱ्यांशी भांडलेलं असतं, म्हणून खोड कुठेतरी कललेलं असतं. ईराने हे सगळं वहीत जर्मनमध्ये लिहून घेतलं आणि शेजारी चित्रं काढली. बाबा ती चित्रं एका डोळ्याजवळ धरून, वही हळूहळू सरकवत बघायचे.

पॅरिसच्या विमानतळावर आम्ही चौघं सकाळी साडेआठला काउंटरपाशी उभे होतो. आदल्या दिवशी रेल्वेने येऊन जवळच राहिलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी आमचे तिघांचे जर्मन पासपोर्ट बघून बाजूला ठेवले. बाबांचा निळा पासपोर्ट उघडला, पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली, आणि विचारलं, ग्वादलूपचा व्हिसा कुठे आहे? मी हसलो. खरंच हसलो. त्यांना समजावून सांगायला लागलो, की बाई, ते फ्रान्सच आहे. त्या म्हणाल्या, हो, फ्रान्सच आहे, पण हा व्हिसा तिथे चालत नाही, समुद्रापलीकडच्या बेटांना वेगळा लागतो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एक ओळ होती. साधी, ठळक, कुणालाही कळेल अशी. मी ती कधी वाचलीच नव्हती, कारण मला आधीच माहीत होतं.

मग जे होतं ते सगळं झालं. विनंत्या, वरचे साहेब, फोन, पुन्हा विनंत्या. बाबा एका बाजूला सामानाच्या ढकलगाडीला धरून उभे होते. अश्विनी म्हणाली, मी बाबांना घेऊन घरी जाते, तू आणि ईरा जा. ईराने भोकाड पसरलं. मी तिकिटांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, सगळीकडे बघितलं. तेव्हा बाबा म्हणाले,

"माझ्यापायी कुणी थांबायचं नाही. तू बघून ये, श्री. तू बघितलंस म्हणजे मी बघितलं."

आता खरं सांगायचं तर त्या वाक्याने मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं, आधी सुटका झाली. मी दोनदा नको-नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस, एक डोळा गेलेला, दुसऱ्याने बांगडीएवढंच दिसणारा, फ्रेंचचा एक शब्द येत नाही, आणि त्याला मी पॅरिसमध्ये टॅक्सीत बसवला. खिशात एक चिठ्ठी: स्टेशनचं नाव, फ्रँकफर्टची गाडी, माझा मित्र सावंत याचा नंबर. टॅक्सीवाला म्हातारा अल्जीरियन होता. त्याने चिठ्ठी वाचली, बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दार मीच लावलं. बाबा काचेतून माझा निरोप घेत होते, पण मी त्यांच्या बांगडीच्या बाहेर उभा होतो, त्यामुळे त्यांनी हात केला तो माझ्या शेजारच्या खांबाला.

त्या टॅक्सीवाल्याने गाडी लावून, आत जाऊन तिकीट काढलं, बाबांना डब्यापर्यंत नेलं, सीटवर बसवलं आणि शेजारच्या प्रवाशाला सांगून ठेवलं. हे मला पुढे बाबांकडून कळलं. ते त्याचं फार कौतुक करायचे. मी ऐकून घ्यायचो.

ग्वादलूपला विमानाचं दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरली. तो ओला, ऊबदार वास. मातीचा, उसाचा, कुठेतरी भाजल्या जाणाऱ्या पावाचा. पाच मिनिटांत अंगातला हिवाळा उतरला. दिवस कलला की झाडाझाडांतून इवल्या बेडकांच्या शिट्या सुरू व्हायच्या. मला आनंद झाला होता, आणि झालेला आनंद माणूस परत तरी कसा देणार? मी तो घेतला. तीन वर्षांपूर्वी मी निळा पासपोर्ट सोडून हा लाल घेतला होता, तेव्हा बाबांना सांगितलं होतं की फक्त प्रवासाच्या सोयीसाठी. ती सोय आता भरपूर होत होती.

पहिले दोन दिवस आम्ही गाढवासारखे वागलो. डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ईरा ओरडली, पाल्मं, पाल्मं, आणि आम्ही गाडी थांबवून दहा-बारा फोटो पाठवले. आमच्या दुपारी बाराला फ्रँकफर्टचे पाच वाजलेले असायचे. बाबांचा फोन आला. खूप हसले. म्हणाले, अरे, हा नेचा आहे, झाडाएवढा वाढणारा नेचा, पामचा याच्याशी काही संबंध नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही ज्वालामुखीच्या उतारावर ढगात शिरलो आणि तिथे मात्र खरोखरचे होते. डोंगरी पाम, बारीक अंगाचे, शेकड्यांनी, धुक्यातून वर आलेले, वाऱ्यावर हलणारे. कुणी लावलेले नाहीत, कुणी मोजलेले नाहीत. मी फोन लावला आणि बाबांना एकेक सांगत गेलो. पिल्लं आहेत? आहेत, पायवाटेवरसुद्धा उगवलीत. खोडं कललेली? हो, काही काही तर आडवी होऊन परत उठलीत. बाबा म्हणाले, जरा फोन वर धर, मला वारा ऐकव. मी हात उंच करून, पावसाच्या रिमझिमीत पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. फोन परत कानाला लावला तर ते नुसते श्वास घेत होते.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बाबांना पाहायचा होता तो रॉयल. त्यांनी आपल्या हाताने लिहून दिलं होतं, की पाणथळ दरी, रस्त्यापासून लांब, उंच झाडांच्या गर्दीत. तिथल्या एका दुकानदाराने वाट सांगितली, अडीच तास चालायचं, चिखल आहे, पण पोचाल. सहाव्या दिवशी आम्ही तिघं निघालो. निम्म्या वाटेत ईराचा बूट चिखलात रुतून बसला, वरून पाऊस आला, आणि आम्ही मागे फिरलो. मी म्हटलं, काही हरकत नाही, उद्या मी एकटा जाईन.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. कारण काही नव्हतं. कुणी आजारी नव्हतं, पाऊसही नव्हता, गाडी दाराशी होती. ऊन छान पडलं होतं, मी हॉटेलच्या तळ्याकाठी लांब खुर्चीत पडलो होतो, आणि मला उठायचा कंटाळा आला. एवढंच. इतक्या वर्षांत मी या दिवसाला दुसरं काही कारण चिकटवून बघितलं, चिकटत नाही.

परतीच्या दिवशी विमानतळाकडे जाताना एका जुन्या उसाच्या मळ्यापाशी दुतर्फा रॉयल पाम लागले. थेट दापोलीची रांग, फक्त अधिक उंच. मी गाडी थांबवली. डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, गुडघ्यावर बसलो, शेवटी चौकटीत एकच झाड राहिलं आणि त्याच्या मागे झुडपांची हिरवी गिचमिड. फोटो पाठवला. खाली लिहिलं, सापडला.

फोन लगेच आला. खोड कललंय? थोडं, डावीकडे. पिल्लं? पुष्कळ. शेजारी काय आहे? मी एक मोठा वड-उंबराच्या जातीचा वृक्ष उभा केला, त्याला फळकुटासारखी मुळं दिली, खाली नेचे पसरले. मागच्या सीटवरून ईरा म्हणाली, "आबर पापा," म्हणजे 'पण पापा', आणि अश्विनीने तिचा हात दाबला. बाबा म्हणाले, ऐकव. मी फोन बाहेर धरला. तेवढ्यात उसाचा एक ट्रक धडधडत गेला. मी सांगितलं, जवळच धबधबा आहे.

घरी पोचलो तर बाबांनी मुगाची खिचडी करून ठेवली होती. सावंतकडून त्यांनी तो फोटो टीव्हीवर लावून घ्यायला शिकून घेतलं होतं. जेवायच्या आधी ते टीव्हीपुढे हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसले. त्यांचा डोळा फोटोच्या वरच्या कोपऱ्यापासून निघाला आणि ओळीने, वाचल्यासारखा, खालपर्यंत गेला. बराच वेळ गेला. मग म्हणाले, छान आलाय, आणि खिचडी निवतेय म्हणून उठले. पुढचे काही दिवस ते कमी बोलत होते. मला वाटलं, थंडी बाधली. जानेवारीच्या शेवटी परत गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात उजवा डोळाही मिटला.

तेव्हापासून दर रविवारी, इतर बोलणं झालं की बाबा म्हणायचे, तो रानातला सांग रे जरा. आणि मी सांगायचो. कोड तपासणाऱ्या माणसाला इतकं चांगलं खोटं बोलता येतं, हे मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्या झाडावर पोपटांची ढोली झाली. तिसऱ्या वर्षी खालून ओढा वाहू लागला. सांगताना मला स्वतःला ओल्या पानांचा वास यायचा. बाबा मधे बोलायचे नाहीत. शेवटी फक्त विचारायचे, किती वेळ उभा होतास तिथे? मी म्हणायचो, अर्धा तास. एकटाच? एकटाच. बरं, म्हणायचे.

याचा मला अभिमान वाटायला लागला होता, ही आणखी एक गंमत. आंधळ्या बापाला आपण डोळे देतोय, वगैरे. खरं म्हणजे परत जाऊन तो पाम बघून येणं आठ-नऊ तासांच्या विमानाचं काम. सुट्ट्या होत्या. आम्ही मायोर्काला गेलो, ऑस्ट्रियाला गेलो, दोनदा. अश्विनी एकदाच म्हणाली, या वेळी ग्वादलूपला जाऊया का, तुझं राहिलंय ते. मी तिच्यावर असा डाफरलो की पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ईरा आता पंधराची आहे. आजोबांचं नाव निघालं की ती माझ्याकडे बघते आणि काही बोलत नाही, कुठल्याच भाषेत.

बाबा गेल्या वर्षी गेले, याच महिन्यात. रविवारी आमचं बोलणं झालं आणि गुरुवारी सकाळी ते झोपेतून उठले नाहीत. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. खरं आहे, त्रास त्यांनी कुणालाच दिला नाही.

त्या रविवारी त्यांनी रानातला सांग, असं म्हटलं नाही. हवा विचारली, ईराची शाळा विचारली. मग अगदी शांत आवाजात म्हणाले,

"श्री, त्या फोटोत खाली जमिनीवर सावल्या आहेत. शेजारच्या खोडांच्या. चार. सारख्या अंतरावर. मला तेव्हाच दिसल्या होत्या, टीव्हीवर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणून विचारायचो दर रविवारी. वाटायचं, आज सांगेल. रागवायचं नव्हतं रे मला. आता किती रविवार राहिलेत कोण जाणे, म्हणून मीच विचारतो. नाही बघितलास ना तू तो?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. त्यांनी प्रश्न असा विचारला होता की उत्तर त्यांनीच तयार करून माझ्या हातात ठेवलं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून खरं काही मिळालं असतं. मी म्हटलं, "हॅलो? बाबा? हॅलो, ऐकू येत नाहीये, आवाज तुटतोय तुमचा."

ते दोनदा हॅलो म्हणाले. मग कामाच्या बाईंना म्हणाले, रेंज नाहीये वाटतं त्याच्याकडे. फोन बंद करायचं बटण त्यांना लवकर सापडेना. ते चाचपत होते तेवढा वेळ मी कानाला फोन लावून उभा होतो. त्यांचा श्वास, वर पंख्याची घरघर, अंगणात कुणीतरी नारळ सोलत होतं त्याचा आवाज. सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.